आधी नजर, मग मलम: त्वचारोगाचे डॉक्टर येतात कुठून आणि शिकतात काय

"डॉक्टर, डोक्यात चाई लागलीय."

सरकारी रुग्णालयातली त्वचारोगाची ओपीडी. सोमवारची सकाळ, रांग जिन्यापर्यंत गेलेली. टेबलामागे बसलेला पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर चारच दिवसांपूर्वी राजस्थानातून आलाय. अखिल भारतीय कोट्यातून ही जागा मिळाली तेव्हा त्याच्या घरी मिठाई वाटली गेली होती. 'अलोपेशिया एरियाटा' या आजारावर, म्हणजे केस गोल चट्ट्यांत गळण्यावर, तो अर्धा तास बोलू शकेल, पण त्याचंच मराठी नाव 'चाई' त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या मावशींना गालावरचा वांग दाखवायचाय. त्यांच्या मागच्या पोराला जांघेत नायटा झालाय. एका आजोबांना कमरेवर नागीण उठलीय आणि तिची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो या धास्तीने ते रात्रभर झोपलेले नाहीत.

शेजारच्या टेबलावरची त्याची सहकारी बीड जिल्ह्यातली. ती आजोबांना समजावते, "बाबा, ही नागीण एकाच नसेवर बसते. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून त्या नसेच्या मुळाशी लपलेला असतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला असते, म्हणून फोड मध्यावर येऊन थांबतात. टोकं जुळायचा प्रश्नच नाही." आजोबांचे खांदे सैल होतात. गोळ्या अजून लिहायच्याच आहेत, पण निम्मा उपचार इथेच झालेला असतो.

मी त्वचारोग शिकले त्याला बरीच वर्षं झाली, आता शिकवते. लोक मला हमखास विचारतात, "पुळ्या, केस आणि क्रीम यासाठी एवढी वर्षं कशाला शिकावं लागतं?" प्रश्न मनापासून असतो, म्हणून उत्तरही मनापासून देते. ही मुलं कुठून येतात, कशाच्या ओढीने येतात आणि तीन वर्षांत त्यांच्यात काय बदलतं, हे कळलं की त्वचारोग म्हणजे काय तेही आपोआप कळतं.

आत येण्याची वाट

आधी एमबीबीएस: साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. या सगळ्या काळात विद्यार्थी त्वचारोग विभागात जेमतेम काही आठवडे असतो. त्यानंतर नीट-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा. तिच्या गुणक्रमांकावर पुढचा विषय ठरतो. एमडी तीन वर्षांची, पदविका दोन वर्षांची, शिवाय राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी ही पदवी. एमडीचं पूर्ण नाव 'त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग' असं आहे. दारावरच्या पाटीत पुढचे दोन शब्द बहुतेकदा गळतात. त्यांच्याकडे नंतर येतेच.

गेली अनेक वर्षं त्वचारोगाच्या जागा प्रवेशाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच संपतात, रेडिओलॉजीच्या बरोबरीने. म्हणजे आत येणारी मुलं गुणक्रमाने अगदी वरची असतात. कारणं उघड आहेत. शस्त्रक्रिया किंवा प्रसूतिशास्त्राइतक्या रात्री जागाव्या लागत नाहीत. पुढे स्वतःचा दवाखाना थोड्या भांडवलात सुरू करता येतो. सौंदर्योपचारांना मागणी आहे. घर आणि काम दोन्ही सांभाळायचं असलेल्या मुली या विषयाकडे मोठ्या संख्येने येतात. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. माणसाने जगण्याचा विचार करून विषय निवडावा. पण गुणक्रमांक फक्त दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर कामी येतं ते दुसरंच काहीतरी, जे त्या मुलाने गावाकडून, घरातून किंवा एखाद्या छंदातून आणलेलं असतं.

उदाहरणच द्यायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं नोकरी करून आलेले वैद्यकीय अधिकारी. वयाने थोडे मोठे, घरी लहान मूल, पाठांतरात नव्या पोरांपेक्षा मागे. पण आशाताईंबरोबर घरोघर फिरून कुष्ठरुग्ण शोधण्याच्या मोहिमा त्यांनी केलेल्या असतात. पाठीवरचा फिकट चट्टा दिसला की तिथे स्पर्श कळतो का ते बघायला त्यांचा हात आपसूक कापसाकडे जातो. शहरात वाढलेल्या सुवर्णपदकवाल्याला हे यायला वर्ष लागतं.

मग ज्यांना स्वतःलाच त्वचेचा आजार झालेला आहे ते. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीला शाळेपासून कोड होतं, हातांवर आणि ओठांभोवती. लग्नकार्यात तिला मागच्या रांगेत बसवत. रुग्णाची आई कुजबुजत विचारायची, "हिचं लग्न होईल ना?" तेव्हा ती आपला हात टेबलावर ठेवायची आणि मगच बोलायला लागायची. आजारातून विषयाकडे वळण्याची ही वाट जुनी आहे. फेरो बेटांवर जन्मलेले नील्स फिन्सन सतत आजारी असत, उन्हात बसलं की बरं वाटतं हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवलं आणि त्यातून प्रकाशाचा अभ्यास सुरू केला. चेहऱ्याच्या त्वचेला होणारा क्षयरोग त्यांनी एकवटलेल्या प्रकाशाने बरा करून दाखवला. १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, पुढच्याच वर्षी ते गेले. आज सोरायसिस किंवा कोडाचा रुग्ण प्रकाशोपचाराच्या पेटीत उभा राहतो, त्या कल्पनेचं मूळ तिथे आहे.

बघायला शिकणं

पहिले सहा महिने आम्ही मुलांना औषधांबद्दल फार बोलू देत नाही. आधी दिसतंय ते सांग, म्हणतो. सपाट डाग आहे की हाताला लागणारी पुळी? पुळी आहे तर टोकाशी पाणी आहे, पू आहे, की घट्ट आहे? चट्टा असेल तर कड ठळक की विरत गेलेली? खपली कशी, चांदीसारखी की तेलकट? दोन्ही बाजूंना सारखं आहे की एकीकडेच? झाकलेल्या जागी आहे की उघड्या?

बाहेरच्याला हा पढीकपणा वाटेल. पण या पद्धतीच्या आधी त्वचेच्या आजारांच्या नावांचा नुसता गोंधळ होता, एका आजाराला पाच नावं आणि एका नावाखाली पाच आजार. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सगळे त्वचारोग फक्त दिसण्यावरून आठ गटांत मांडले. कारण माहीत नसेल तरी चालेल, पण सगळ्यांनी एकाच गोष्टीला एकच नाव द्यावं, एवढाच त्यांचा आग्रह. आमचा नवा विद्यार्थी आजही तीच शिस्त गिरवतो.

रंगीत छायाचित्रं नव्हती तेव्हा ही नजर एकाकडून दुसऱ्याकडे जाणार कशी? याचं उत्तर एका फळं बनवणाऱ्याने दिलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्यूल बारेता नावाचा कारागीर कागदाच्या लगद्याची हुबेहूब फळं बनवून विकायचा. सेंट लुई रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्याला बोलावून घेतलं. रुग्णाच्या त्वचेवरून साचा घ्यायचा, त्यात मेण ओतायचं, मग रुग्ण शेजारी बसवून रंग भरायचा. असे हजारो नमुने तिथे तयार झाले, ते आजही काचेच्या कपाटांत आहेत आणि जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यावर डोळे तयार केले. चित्रकलेच्या परीक्षा दिलेला किंवा छायाचित्रणाचा नाद असलेला विद्यार्थी आमच्याकडे आला की मला बरं वाटतं ते यामुळेच. सावली कुठून पडते, लाल आणि जांभळ्याच्या मध्ये किती छटा असतात, हे त्याला सांगावं लागत नाही.

रंगावरून एक अडचण सांगायलाच हवी. पाठ्यपुस्तकांतली बरीचशी चित्रं गोऱ्या त्वचेची असतात. पुस्तक म्हणतं 'लाल चट्टा'. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तो चट्टा लाल दिसतच नाही. तो जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसतो. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मलोन मुकवेंडे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला हीच उणीव खुपली आणि २०२० मध्ये त्याने आपल्या शिक्षकांबरोबर गडद त्वचेवर आजार कसे दिसतात याची सचित्र पुस्तिकाच काढली. आपल्या मुलांना ही भाषांतराची कसरत पहिल्या दिवसापासून करावी लागते. पुस्तकातला लाल म्हणजे समोरचा कोणता रंग, हे ती रुग्णाकडूनच शिकतात.

नजरेला जोड म्हणून काही साधी साधनं. नायट्याच्या कडेची खपली खरवडून काचेवर घ्यायची, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. वूडचा दिवा नावाचा जांभळट प्रकाश अंधाऱ्या खोलीत टाकला की कोडाचा डाग दुधासारखा पांढरा उजळतो, साधा फिकट डाग तसा उजळत नाही. हा दिवा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते रॉबर्ट वूड डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते.

पाटीवरून गळलेले दोन शब्द

गुप्तरोग त्वचेच्या डॉक्टरकडे कसे आले, असं विद्यार्थीही विचारतात. याचं कारण सिफिलिस. लैंगिक संबंधातून होणारा हा आजार पुढे अंगभर पुरळ म्हणून उठतो, तळहात-तळपायांवरही. तो इतक्या आजारांची नक्कल करतो की युरोपात त्वचेचे डॉक्टर आणि सिफिलिसचे डॉक्टर एकच होऊन बसले. आजही तळहातावर न खाजणारे तपकिरी डाग घेऊन कोणी आलं की आम्ही रक्ताची व्हीडीआरएल तपासणी लिहितो. वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो.

सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. नव्या मुलांना तिथली पहिली पाळी जड जाते. रुग्ण मान वर करत नाही, डॉक्टरही. आम्ही शिकवतो की आधी दार लावून घे, मग जोडीदाराबद्दल विचार, आणि चेहऱ्यावर आश्चर्य दिसू देऊ नकोस. कडक घरात वाढलेली मुलं-मुली इथे आपलं बालपण बाजूला ठेवायला शिकतात. काहींना महिने लागतात, काही दुसऱ्याच आठवड्यात सरावतात. शहरातलं कोण, गावातलं कोण, यावरून ते मला कधीच आधी ओळखता आलेलं नाही.

आणि कुष्ठरोग. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गेरहार्ड आर्माउर हान्सन यांनी १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधला. पापाचं फळ किंवा रक्तातला दोष म्हणून ज्याच्याकडे बघितलं जायचं, तो एका जंतूमुळे होतो हे तेव्हा कळलं. महाराष्ट्राचं या आजाराशी नातं फार जवळचं आहे. मुंबईत वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय १८९० चं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभारलं. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे मूळचे वकील. हे काम अंगावर घेतल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. फळं बनवणारा, भौतिकशास्त्रज्ञ, वकील: या विषयावर बाहेरून आलेल्यांचे उपकार किती आहेत, ते मी मुलांना आवर्जून सांगते.

कुष्ठरोग संपला, असं पुष्कळांना वाटतं. दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने २००५ च्या अखेरीस गाठलं, हे खरं. पण आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात, वर्षाला सुमारे एक लाख. युरोप-अमेरिकेत शिकणाऱ्या त्वचारोगाच्या डॉक्टरला सगळ्या शिक्षणकाळात एखादा कुष्ठरुग्ण दिसला तर दिसला. आपल्याकडचा विद्यार्थी डोळे मिटून कोपरामागची नस बोटांनी चाचपतो आणि ती जाड झालीय का ते सांगतो. त्या जंतूला थंड जागा आवडतात. म्हणून कानाची पाळी, नाक, कातडीजवळून जाणाऱ्या नसा या जागा आधी बघायच्या. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन द्राव घ्यायचा, रंगवून जंतू मोजायचे.

या आजारात खरं नुकसान त्वचेचं नसतं, नसांचं असतं. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस येत नाही. मग एक दिवस चुलीवरचं भांडं हाताला भाजतं आणि ते कळतच नाही. बोटं वाकतात, पायाला जखम होते. १९८० च्या दशकापासून रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधं एकत्र दिली जातात. जंतू जास्त असलेल्या रुग्णालाही एक वर्षाचा कोर्स पुरतो, आणि तो फुकट मिळतो. उपचार सुरू झाले की रुग्णापासून दुसऱ्याला होण्याचा धोका लवकरच संपतो. तरीही जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत शिल्लक होती. ती काढून टाकली त्या आठवड्यात मी ती बातमी विभागाच्या फलकावर लावली होती.

मलमाची ट्यूब

आता सध्याच्या सगळ्यात मोठ्या डोकेदुखीकडे येते, कारण आजचा निवासी डॉक्टर दिवसातला सर्वाधिक वेळ याच्यावर घालवतो.

नायटा, गजकर्ण, शहरी भाषेत फंगल. पूर्वी दोन-तीन आठवडे मलम लावलं की जायचं. आता एकाच घरात आई, वडील, तीन मुलं, सगळ्यांच्या अंगावर वर्षभर मुरलेला नायटा दिसतो. रुग्ण पिशवीतून चुरगळलेली ट्यूब काढतो. तिच्यात चार औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं, आणखी एक, आणि स्टेरॉइड. त्यातलं स्टेरॉइड बहुधा क्लोबेटासोल, म्हणजे लावायच्या स्टेरॉइडांतलं सर्वात जहाल. ते खाज दोन दिवसांत थांबवतं, लाली घालवतं. रुग्णाला वाटतं बरं झालं. आत मात्र बुरशीला मोकळं रान मिळालेलं असतं, कारण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्तीच झोपवलेली असते. लावणं थांबवलं की नायटा दुपटीने उसळतो, मग पुन्हा ट्यूब. वर्षभरात जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्यावर बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे कायमचे पांढरे वळ उठतात. आणि नायट्याचं रूप इतकं बदलतं की शिकलेला डॉक्टरही चकतो.

हीच मलमं चेहरा उजळायला म्हणूनही लावली जातात. मैत्रिणीने सांगितलं, दुकानदाराने दिलं. काही महिन्यांत चेहरा लाल, पुळ्यांनी भरलेला, उन्हात गेलं की आग आग, आणि ट्यूब सोडता येत नाही. या अवस्थेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच वेगळं नाव दिलं आणि त्यांच्या संघटनेने याविरुद्ध कृतीगट नेमला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडयुक्त १४ लावायची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी कोपऱ्यावरच्या दुकानात नुसती मागितली तरी ट्यूब मिळते, हे तुम्हीही जाणता.

त्यात बुरशीही बदललीय. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी जात भारतात फोफावली. २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं, म्हणजे नावातच भारत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही ती सापडल्याची नोंद झाली. अशा रुग्णाला बरं करायला औषध एक असतं आणि बोलणं दहा पट. कपडे वेगळे धुवा, घरातल्या सगळ्यांनी एकदम उपचार घ्या, टॉवेल एकमेकांचा वापरू नका. एकाच खोलीत सहा माणसं राहतात, वाळत घालायला एकच दोरी आहे, पावसाळ्यात कपडे सुकत नाहीत. ज्या मुलाने असं घर आतून पाहिलंय त्याचा सल्ला वेगळा असतो. तो म्हणतो, "निदान आतले कपडे इस्त्री करून घाला, शिवणीवरून नीट फिरवा." हे घरी जाऊन करता येतं.

गवत, बिब्बा आणि टिकली

मला स्वतःला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग अॅलर्जीचा. त्यात डॉक्टरला जवळजवळ पोलिसांसारखा तपास करावा लागतो.

गाजर गवत, ज्याला काही ठिकाणी काँग्रेस गवत म्हणतात, आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं. आयात धान्याबरोबर ते आलं असं मानतात. आज रस्त्याकडेला, पडीक रानात, बांधावर सगळीकडे आहे. त्याची कोरडी धूळ हवेत उडते आणि ज्याला तिची अॅलर्जी आहे त्याचा चेहरा, मान, कोपराच्या खाचा जाड, काळ्या, सतत खाजणाऱ्या होतात. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन शेतकरी.

पहिल्या नजरेला हा आजार उन्हाचा वाटतो, कारण तोही उघड्या जागांवरच असतो. फरक कसा ओळखायचा? मी मुलांना सांगते: हनुवटी वर करायला सांगा, कानाची पाळी पुढे ओढा, डोळे मिटायला लावा. हनुवटीखाली, कानामागे आणि पापण्यांवर ऊन फारसं पोचत नाही. धूळ मात्र सगळीकडे शिरते. त्या झाकलेल्या जागाही खराब असतील तर संशयित हवेतला आहे.

मग पाठीवर पॅच टेस्ट. संशयित पदार्थ छोट्या चकत्यांत भरून पाठीला चिकटवायचे, दोन दिवसांनी काढायचे, तेव्हा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. ही युक्ती योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली, आजही तिला तोड नाही. पण कोणते पदार्थ लावायचे, हे रुग्णाला विचारूनच ठरतं. गवंडी असेल तर सिमेंट. केस रंगवत असेल तर त्यातलं रसायन. कपाळाच्या नेमक्या मध्यावर गोल पांढरा डाग असेल तर टिकलीचा गोंद, कारण त्यातलं एक रसायन त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं.

आणि आपला बिब्बा. दुखऱ्या गुडघ्यावर, मुरगळलेल्या पायावर चटका द्यायला आजी तो वापरायच्या. त्याचं तेल त्वचेला अक्षरशः भाजतं, फोड येतात, काळे डाग राहतात. धोबी कपड्यांवर खूण करायलाही बिब्ब्याचा रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चट्टे उठू लागले, शोध घेतला तेव्हा कारण निघालं ही धोब्याची खूण. अलीकडे पोटरीवर विचित्र लांबट जखम घेऊन एक बाई आल्या होत्या. दोन हुशार मुलांनी दुर्मीळ आजारांची यादी केली. तिसरी, यवतमाळकडची, जवळ जाऊन हळूच म्हणाली, "मावशी, बिब्बा लावला होता का?" मावशी हसल्या, "तुला कसं कळलं गं?"

रात्रही असते

त्वचारोगात रात्रीची धावपळ नसते, असं समजून आलेल्यांना एखादी रात्र कायमची लक्षात राहते. फिटची, सांधेदुखीची किंवा सल्फाची गोळी सुरू करून दोन-तीन आठवडे झालेले, आणि रुग्णाची कातडी भाजल्यासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटायला लागते. डोळे, तोंड, सगळीकडे जखमा. शरीराच्या तीस टक्क्यांहून जास्त कातडी सुटली की त्या अवस्थेला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात, आणि त्यात माणसं दगावतात. पहिलं काम: ती गोळी ताबडतोब बंद. मग भाजलेल्या रुग्णासारखी शुश्रूषा, पाणी, क्षार, डोळ्यांची निगा, तासातासाला.

पेम्फिगसचे रुग्ण महिनोन्महिने वॉर्डात असायचे. यात शरीर स्वतःच्याच त्वचेच्या पेशींना जोडणारे सांधे तोडतं, आणि फोडांशेजारची साधी दिसणारी कातडीही बोटाने घासली तर सरकते. या आजारात पूर्वी मृत्यू ठरलेला असे. दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात स्टेरॉइडचे मोठे डोस दर महिन्याला तीन दिवस सलाइनमधून देण्याची पद्धत बसवली. देशभरच्या विभागांत ती वर्षानुवर्षं वापरली गेली. आता नवी औषधंही आली आहेत. ज्याच्या पाठीची कातडी चादरीला चिकटून निघत होती तो सहा महिन्यांनी शर्ट घालून भेटायला येतो, आणि सौंदर्योपचारांसाठी या विषयात आलेल्या एखाद्या मुलीला तेव्हा वॉर्डच आवडायला लागतो. अशा दोघी-तिघी मला माहीत आहेत.

तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाचा ओढा ठरतो. कोणी सूक्ष्मदर्शकाला चिकटतो. कोणाला कोडावर त्वचारोपण करायचं असतं, तिथे हात शिवणकाम करणाऱ्याइतका स्थिर लागतो. कोणी लहान मुलांच्या जन्मजात आजारांकडे वळतं. पुष्कळजण लेझर आणि केसांकडे जातात, जाऊ देत. ते काम शिकलेल्या हातांनीच व्हायला हवं, नाहीतर ब्यूटी पार्लरमध्ये भाजलेले चेहरे शेवटी आमच्याकडेच येतात. कुष्ठरोगाकडे स्वतःहून वळणारे फार थोडे, आणि याचं मला वाईट वाटतं.

म्हणून शिक्षणकाळात तीन महिने जिल्हा पातळीवर काम करण्याची जी सक्ती आता आहे, ती मला मोलाची वाटते. सुरुवातीला सांगितलेला राजस्थानचा मुलगा दुसऱ्या वर्षी अशाच एका जिल्हा रुग्णालयात होता. मी एका शिबिरासाठी तिथे गेले होते. आशाताई एका आजींना घेऊन आल्या. दंडावर फिकट चट्टा, पदराने झाकलेला. दुखत नाही, खाजत नाही, तर दाखवायचं कशाला, असं आजींचं म्हणणं.

त्याने स्टूल जवळ ओढलं. कापसाचं टोक पिळून बारीक केलं. "आजी, डोळे मिटा. कापूस जिथं लागंल तिथं बोट ठेवा." बोली इथलीच झाली होती, 'ळ' अजून थोडा अडखळत होता. त्याने गालाला कापूस टेकवला, आजींनी बोट ठेवलं. मनगटाला टेकवला, आजींनी बोट ठेवलं. मग चट्ट्याच्या मधोमध.

आजी डोळे मिटून वाट बघत राहिल्या. त्याने पुन्हा टेकवला, थोडा थांबला. मग कापूस बाजूला ठेवून त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि कोपरामागे नस चाचपायला लागला.